लिस्टची स्ट्रिंग आणि स्ट्रिंगची लिस्ट: पायथॉनमध्ये जाणं सोपं, परत येणं अवघड

पायथॉनमध्ये लिस्टची स्ट्रिंग करायला एक ओळ लागते आणि स्ट्रिंगची लिस्ट करायलाही एकच. त्यामुळे लिस्ट जोडणारी जॉइन आणि स्ट्रिंग तोडणारी स्प्लिट या दोन मेथड एकमेकींच्या बरोबर उलट आहेत असं धरून कोड लिहिला जातो. तशा त्या नाहीत. जॉइन करताना बरंच काही कायमचं जातं: एलिमेंटचा टाइप, रिकामी लिस्ट आणि रिकाम्या स्ट्रिंगची लिस्ट यांतला फरक, स्वल्पविराम मजकुरातला होता की आपण घातलेला याची खूण. स्प्लिटकडे हे परत आणायचा कुठलाच मार्ग नसतो. म्हणून स्ट्रिंग बनवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ही परत कोण वाचणार आहे? माणूस वाचणार असेल तर दिसायला बरं दिसेल तसं जोडा. प्रोग्राम वाचणार असेल तर वाचायचा कोड आधी डोळ्यांसमोर आणा आणि मग लिहायचा कोड लिहा.

इथे कोडमधली फंक्शनची नावं, कीवर्ड आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. एडिटरमध्ये ते नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचे. व्हेरिएबलची नावं मात्र पायथॉन ३ मध्ये देवनागरीत खरोखरच चालतात.

जॉइन: मेथड सेपरेटरची, लिस्टची नव्हे

```
नावं = ['आशा', 'बाळू', 'चित्रा']
ओळ = ', '.जॉइन(नावं)
```

ओळीत येतं: आशा, बाळू, चित्रा. इथला `', '` म्हणजे सेपरेटर, दोन एलिमेंटच्या मध्ये घालायचा मजकूर. नव्याने शिकणारे हमखास `नावं.जॉइन(', ')` लिहितात आणि अॅट्रिब्यूट एरर येते. जॉइन स्ट्रिंगवर ठेवण्यामागे कारण आहे. तिला लिस्टच लागते असं नाही. टपल, सेट, जनरेटर, उघडलेली फाइल, ज्यातून एकामागून एक स्ट्रिंग बाहेर पडतात असं काहीही चालतं. मेथड लिस्टवर असती तर या प्रत्येक टाइपला ती वेगळी लिहावी लागली असती.

सेट जोडताना मात्र जपा. सेटला ठरलेला क्रम नसतो, आणि स्ट्रिंगचं हॅशिंग (सेटमधली जागा ठरवणारा हिशोब) प्रत्येक रनला बदलत असल्यामुळे त्याच सेटची जोडलेली स्ट्रिंग आज एक आणि उद्या दुसरी येऊ शकते. टेस्ट कधी पास, कधी फेल होत असेल तर आधी इथे बघा. `', '.जॉइन(सॉर्टेड(सेट))` केलं की प्रश्न मिटतो.

सगळ्यात जास्त भेटणारी एरर ही: 'सीक्वेन्स आयटम १: एक्स्पेक्टेड एसटीआर इन्स्टन्स, इंट फाउंड'. जॉइनला प्रत्येक एलिमेंट स्ट्रिंगच हवा असतो, ती स्वतः बदलून घेत नाही. एररमधला आकडा शून्यापासून मोजलेला असतो, म्हणजे 'आयटम १' हा दुसरा एलिमेंट. उपाय साधा:

```
ओळ = ', '.जॉइन(स्ट्र(क) फॉर क इन आकडे)
```

पण एरर गेली म्हणून काम झालं असं समजू नका. लिस्टमध्ये नन ही 'काहीच नाही' सांगणारी व्हॅल्यू असेल तर स्ट्र तिचा 'नन' असा शब्द करतो, आणि परत वाचल्यावर तो चार अक्षरी इंग्रजी शब्दच राहतो. डेटाबेसच्या रिकाम्या रकान्यात हा शब्द बसलेला दिसला तर तो बहुधा अशाच एखाद्या ओळीतून आलेला असतो. नन काढायचा, त्याजागी रिकामी स्ट्रिंग घालायची की एरर येऊ द्यायची, हे इथेच ठरवा. माझं मत विचाराल तर डेटा साठवायचा असताना सरसकट स्ट्र लावू नये. जॉइनची एरर ही मदत आहे; लिस्टमध्ये जे नको ते शिरलंय हे ती वेळेवर सांगते.

दुसरी चूक एरर न देता घडते. लिस्टच्या जागी चुकून एकच स्ट्रिंग दिली, तर जॉइन तिच्यातलं एकेक चिन्ह वेगळा एलिमेंट मानते. `'-'.जॉइन('कमल')` चं उत्तर येतं क-म-ल. फंक्शनला कधी एक नाव, कधी नावांची लिस्ट पाठवायची सवय असेल तर हे होणारच. फंक्शनच्या सुरुवातीला टाइप तपासा, किंवा एकच नाव असलं तरी ते चौकटी कंसात घालून लिस्ट म्हणूनच पाठवायची शिस्त ठेवा.

लूपमध्ये 'प्लस-बरोबर' वापरून स्ट्रिंग वाढवत नेणं टाळा. पायथॉनमधली स्ट्रिंग बदलता येत नाही, त्यामुळे दर वेळी नवी स्ट्रिंग बनते आणि जुना मजकूर तिच्यात कॉपी होतो; एलिमेंट दुप्पट झाले की काम चौपट होत जातं. सीपायथॉन, म्हणजे नेहमीचा पायथॉन इंटरप्रिटर, काही वेळा ही कॉपी वाचवतो, पण त्या स्ट्रिंगकडे दुसरा कुठला रेफरन्स नसेल तरच. जॉइन आधी सगळ्या एलिमेंटची लांबी मोजते, तेवढी जागा एकदाच घेते आणि मजकूर भरते.

स्ट्र(लिस्ट) हा रूपांतराचा रस्ता नव्हे

`स्ट्र(['आशा', 'बाळू'])` लिहिलं की कंस, अवतरण चिन्हं, स्वल्पविराम, स्पेस यांसकट `['आशा', 'बाळू']` अशी स्ट्रिंग मिळते. हे रूप डीबग करताना बघण्यासाठी आहे. पण ते फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये जातं आणि मग परतीचा प्रश्न उभा राहतो. त्यावर `लिस्ट()` लावलं तर पहिला एलिमेंट चौकटी कंस, दुसरा अवतरण चिन्ह, तिसरा 'आ', अशी एकेका चिन्हाची लिस्ट येते. टोकाची चिन्हं काढणाऱ्या स्ट्रिपने कंस काढून स्वल्पविरामावर तोडलं तर अवतरण चिन्हं प्रत्येक नावाला चिकटून राहतात, आणि नावातच स्वल्पविराम असेल तर तुकडेही चुकतात.

असा डेटा आधीच साठलेला असेल तर तो वाचायला एएसटी मॉड्यूलमधलं `लिटरल_इव्हॅल` वापरा. ते फक्त स्ट्रिंग, संख्या, लिस्ट, टपल, डिक्शनरी, सेट, ट्रू-फॉल्स-नन अशा साध्या व्हॅल्यू वाचतं. त्यात फंक्शन कॉल असला तर व्हॅल्यू एरर देतं. साधं `इव्हॅल` कधीही वापरू नका. बाहेरून आलेल्या स्ट्रिंगमध्ये फाइल उडवणारा कोड असेल तर इव्हॅल तो चालवेल. लिटरल_इव्हॅल कोड चालवत नाही, तरी फार खोल गुंतलेल्या मजकुरावर इंटरप्रिटर कोसळू शकतो, म्हणून अनोळखी लोकांकडून येणाऱ्या डेटासाठी तेही नको.

स्प्लिट: कंस रिकामा आणि कंसात स्पेस, यांत मोठा फरक

`स्प्लिट()` कंसात काही न देता वापरलं तर स्पेस, टॅब, नवी ओळ यांपैकी कशाचाही सलग पट्टा एकच सेपरेटर धरला जातो, आणि सुरुवातीच्या-शेवटच्या मोकळ्या जागा गळून पडतात. `स्प्लिट(' ')` मात्र प्रत्येक स्पेसवर तोडतं. दोन शब्दांत दोन स्पेस असतील तर मध्ये एक रिकामी स्ट्रिंग येते. शब्द वेगळे करायचे असतील तर कंस रिकामा ठेवा. त्याच आधारावर मजकुरातल्या वाढीव स्पेस काढायची झकास ओळ तयार होते: `' '.जॉइन(मजकूर.स्प्लिट())`.

रिकाम्या स्ट्रिंगवर तर दोन्हींची उत्तरं अगदी वेगळी आहेत:

```
''.स्प्लिट()      →  []
''.स्प्लिट(',')   →  ['']
```

दुसऱ्या ओळीमुळे 'एकही टॅग नाही' या नोंदीतून 'एक टॅग आहे, पण तो रिकामा' असा अर्थ निघतो आणि मोजणी एकने चुकते. दोष इथे स्प्लिटचा नाही. जॉइन रिकाम्या लिस्टलाही रिकामी स्ट्रिंग देते आणि एक रिकामी स्ट्रिंग असलेल्या लिस्टलाही तीच देते. फरक लिहितानाच पुसला गेलेला असतो. रिकामी नोंद कधीच वैध नसेल तर वाचताना आधी बघा: `टॅग = ओळ.स्प्लिट(',') इफ ओळ एल्स []`.

सेपरेटरभोवतीच्या स्पेससाठी `[क.स्ट्रिप() फॉर क इन ओळ.स्प्लिट(',')]` पुरतं. यात रिकामे तुकडे गाळायची अट घालायचा मोह होतो. टॅगची यादी असेल तर घाला. पण ओळीतल्या प्रत्येक जागेला अर्थ असेल, म्हणजे पहिलं नाव, दुसरं आडनाव, तिसरा फोन, तर रिकामा तुकडा गाळला की पुढचं सगळं एक घर अलीकडे सरकतं आणि फोन नंबर आडनावाच्या जागी जाऊन बसतो.

एकदाच तोडायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा. 'की=व्हॅल्यू' अशा ओळीत व्हॅल्यूमध्येही बरोबरचं चिन्ह येऊ शकतं, म्हणून `स्प्लिट('=', १)`. याहून बरी `पार्टिशन('=')`: ती नेहमी तीनच तुकडे देते, चिन्ह सापडलं नाही तर मागचे दोन रिकामे. त्यामुळे तीन व्हेरिएबलमध्ये उलगडताना कधी अडत नाही. शेवटून तोडायला `आरस्प्लिट` आहे.

फाइलमधला मजकूर ओळींत तोडताना नव्या ओळीच्या चिन्हावर स्प्लिट केलं, तर शेवटच्या ओळीनंतरच्या चिन्हामुळे शेवटी एक रिकामी स्ट्रिंग येते. विंडोजवर बनलेला मजकूर तसाच हाती आला असेल तर प्रत्येक ओळीच्या शेपटीला कॅरेज रिटर्न हे चिन्हही राहतं. छापल्यावर दिसत नाही, पण तुलना फसते. `स्प्लिटलाइन्स()` या दोन्ही गोष्टी सांभाळतं. ते फॉर्म फीड आणि युनिकोडचं लाइन सेपरेटर यांच्यावरही तोडतं, हे लक्षात असू द्या.

जावामधून येणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे स्प्लिटला दिलेलं सेपरेटर रेग्युलर एक्स्प्रेशन असतं, म्हणून टिंबावर तोडायला गेलात तर रिकामा अॅरे मिळतो; शिवाय शेवटचे रिकामे तुकडे ते गुपचूप टाकून देतं, ते हवे असतील तर दुसरं आर्ग्युमेंट उणे एक द्यावं लागतं. पायथॉनमध्ये यांपैकी काही होत नाही. इथे सेपरेटर साधा मजकूर असतो, आणि तो रिकामा दिला तर व्हॅल्यू एरर येते.

आकडे परत आणताना

स्प्लिटमधून बाहेर पडतात त्या स्ट्रिंगच. '१०' आणि '९' तशाच सॉर्ट केल्या तर '१०' आधी येतो, कारण तुलना पहिल्या चिन्हाची होते. म्हणून `[इंट(क) फॉर क इन ओळ.स्प्लिट(',')]`. इंट आजूबाजूच्या स्पेस स्वतःच सोडून देतं, त्यामुळे इथे स्ट्रिप लागत नाही. रिकाम्या तुकड्यावर मात्र ते 'इन्व्हॅलिड लिटरल' म्हणून थांबतं, आणि ओळीच्या शेवटी जास्तीचा स्वल्पविराम राहिला की हेच घडतं. हजारांचे स्वल्पविराम असलेली संख्याही त्याला चालत नाही.

देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग त्याला बिनदिक्कत चालते: `इंट('१२')` मधून बारा ही संख्या मिळते. आकडा आहे का हे आधी तपासायचं असेल तर `इझडिजिट` ऐवजी `इझडेसिमल` घ्या. वर्गाचा छोटा दोन पहिल्या तपासणीत पास होतो आणि इंटवर आपटतो.

`मॅप(इंट, तुकडे)` लिस्ट देत नाही, इटरेटर देतं. एकदा फिरवलं की संपलं. दुसऱ्यांदा बेरीज केली तर शून्य येते आणि एरर काहीच येत नाही. लिस्ट हवी असेल तर भोवती `लिस्ट()` लावा. आणि `बूल('फॉल्स')` कधी लिहू नका. रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग बूलच्या लेखी खरी असते, त्यामुळे उत्तर ट्रू येतं. शब्दाशी सरळ तुलना करा.

मजकुरातच सेपरेटर असेल तर

ही लिस्ट घ्या: पहिला एलिमेंट खुर्ची, लाकडी, दुसरा ४, तिसरा तिने "नको" म्हटलं. स्वल्पविरामाने जोडली आणि त्यावरच तोडली तर तीनाचे चार तुकडे होतात. यावर लोक उभी रेघ, टिल्ड किंवा दोन-तीन चिन्हांची जोडगोळी असे सेपरेटर शोधतात. वापरणारा माणूस स्वतः मजकूर टाइप करत असेल तर कुठलंही दिसणारं चिन्ह एक ना एक दिवस त्यात येतंच. इथे सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या व्हॅल्यू) मॉड्यूल वापरायचं. तेच तीन एलिमेंट ते असे लिहितं:

```
"खुर्ची, लाकडी",४,"तिने ""नको"" म्हटलं"
```

स्वल्पविराम असलेला तुकडा अवतरणात, आणि आतलं अवतरण चिन्ह दुप्पट. वाचताना हे सगळं उलगडून मूळ तीन स्ट्रिंग मिळतात. रिकामी लिस्ट रिकाम्या ओळीत जाते आणि एका रिकाम्या स्ट्रिंगची लिस्ट अवतरण चिन्हांच्या जोडीत, त्यामुळे वरचा घोळही इथे होत नाही.

हे मॉड्यूल वापरताना अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. `रीडर` ला ओळींची लिस्ट किंवा फाइल हवी असते. हातात एकच स्ट्रिंग असेल तर ती `[ओळ]` अशी कंसात द्या, नाहीतर प्रत्येक चिन्ह स्वतंत्र ओळ मानलं जातं. मजकूर अनेक ओळींचा असेल तर `स्ट्रिंगआयओ` मध्ये घालून द्या, कारण अवतरणाच्या आतही नवी ओळ असू शकते. `राइटरो` ला लिस्टच्या जागी स्ट्रिंग दिली तर तीही चिन्हाचिन्हाने फुटते. फाइल उघडताना न्यूलाइन हे आर्ग्युमेंट रिकामी स्ट्रिंग ठेवा. विसरलात तर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ दिसते. स्वल्पविरामानंतर स्पेस आणि मग अवतरण चिन्ह, असा मजकूर बाहेरून येत असेल तर `स्किपइनिशियलस्पेस` चालू करा, नाहीतर ते अवतरण साधं चिन्ह धरलं जातं.

टाइप जपायचा असेल, लिस्टमध्ये लिस्ट असेल, नन असेल, तर जेसन, म्हणजे डेटा मजकुरात लिहायची एक ठरलेली पद्धत. `डम्प्स` ने स्ट्रिंग, `लोड्स` ने परत लिस्ट. मराठी मजकुरासाठी एक गोष्ट हवीच: `एन्शुअर_अॅस्की` फॉल्स करा. मुळात तो ट्रू असतो आणि प्रत्येक देवनागरी चिन्हाचा सहा बाइटचा एस्केप कोड लिहितो. यूटीएफ-८ मध्ये तेच चिन्ह तीन बाइटचं असतं. म्हणजे जागा दुप्पट, आणि फाइल उघडून वाचायची सोय नाही. जेसनमध्ये टपल जाऊन लिस्ट होऊन येतो, डिक्शनरीतली संख्येची की स्ट्रिंग होते, आणि तारखेचा ऑब्जेक्ट दिला तर टाइप एरर येते. तारीख आधी `आयएसओफॉरमॅट` ने स्ट्रिंग करून घ्या.

देवनागरी स्ट्रिंगची अक्षरं वेगळी करताना

`लिस्ट('मराठी')` मध्ये आपल्याला तीन एलिमेंट अपेक्षित असतात. येतात पाच: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. पायथॉनची स्ट्रिंग म्हणजे युनिकोड कोड पॉइंटची (प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांची) ओळ, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र कोड पॉइंट असतात. हीच लिस्ट उलटी करून जोडली तर वेलांटी बिनाधार सुरुवातीला येते आणि र चा काना ठ ला जाऊन चिकटतो. 'नमस्ते' ची लांबी याच हिशोबाने सहा भरते.

अक्षरागणिक तुकडे हवे असतील तर पिप हा पॅकेज इन्स्टॉलर वापरून `रेगेक्स` हे मॉड्यूल घ्या आणि त्यातला बॅकस्लॅश आणि मोठा एक्स असा पॅटर्न `फाइंडऑल` ला द्या. पायथॉनसोबत येणाऱ्या री मॉड्यूलमध्ये ही सोय नाही. 'मराठी' चे मग म, रा, ठी असे तीन तुकडे होतात. जोडाक्षरांबाबत मात्र व्हर्जन बघावं लागतं. जुन्या नियमाने 'नमस्ते' चे न, म, स्, ते असे चार तुकडे पडत. युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली, हलन्ताने जोडलेली देवनागरी व्यंजनं एकत्र ठेवायचा नियम आला, आणि त्यानुसार न, म, स्ते असे तीन पडतात. कोड ज्या मशीनवर चालणार आहे तिथे याच शब्दावर तपासून घ्या.

वेबवरून कॉपी केलेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हंही असतात. न तुटणारी स्पेस कंस रिकामा असलेल्या स्प्लिटला आणि स्ट्रिपला मोकळी जागा म्हणून कळते. शून्य रुंदीची स्पेस कळत नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या स्ट्रिंग जुळत नसतील तर `रेपर()` लावून बघा, लपलेलं चिन्ह कोडच्या रूपात समोर येतं. पण ही चिन्हं सरसकट पुसायच्या भानगडीत पडू नका. 'दुसऱ्या' मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक खास ऱ वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर घालून. दुसऱ्या तऱ्हेतला जॉइनर पुसला की अर्धा र रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो आणि शब्दच बिघडतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, या दोन तऱ्हा एक करत नाही. लिस्टमध्ये शब्द शोधायचा असेल तर लिस्टमध्ये घालतानाच र-हलन्त-जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त अशी बदली करून घ्या, आणि शोधायच्या शब्दालाही तीच बदली लावा.

आपल्या क्लासचे ऑब्जेक्ट

लिस्ट प्रिंट केली की आतल्या प्रत्येक ऑब्जेक्टची डंडर रेपर (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेली) मेथड चालते, डंडर स्ट्र नाही. म्हणून क्लासमध्ये फक्त स्ट्र लिहिलेली असेल तर एकटा ऑब्जेक्ट नीट छापला जातो आणि लिस्टमध्ये मात्र क्लासचं नाव व मेमरीचा पत्ता दिसतो. जॉइन या दोन्हींपैकी काहीच बोलावत नाही. तिथे `स्ट्र(क)` आपणच लिहायचं.

साठवण्यासाठीची स्ट्रिंग डंडर स्ट्रमधून काढू नका. ती माणसासाठी असते, कुणीतरी उद्या तिच्यात एक सुंदर डॅश घालेल आणि जुन्या फाइल वाचता येणार नाहीत. क्लासमध्ये दोन वेगळ्या मेथड ठेवा: ऑब्जेक्टवरून ओळ बनवणारी `ओळ_करा`, आणि क्लासमेथड म्हणून `ओळीवरून`, जी ओळ घेऊन ऑब्जेक्ट देते. दोघी एकाखाली एक लिहा म्हणजे सेपरेटर, तुकड्यांचा क्रम आणि टाइपचं रूपांतर एकाच ठिकाणी राहतं. एकीत बदल केला की दुसरी डोळ्यांसमोरच असते. तुकडे किती आले हे वाचताना मोजा, आणि संख्या चुकली तर त्या मूळ ओळीसकट एरर द्या. नुसत्या 'इंडेक्स आउट ऑफ रेंज' वरून हजार ओळींच्या फाइलमधली बिघडलेली ओळ सापडत नाही.

मग टेस्ट लिहा: लिस्ट लिहायची, परत वाचायची, मूळ लिस्टशी तुलना करायची. सोप्या नावांवर ही टेस्ट नेहमीच पास होईल, म्हणून मुद्दाम या व्हॅल्यू द्या: रिकामी लिस्ट, एक रिकामी स्ट्रिंग असलेली लिस्ट, स्वल्पविराम असलेला मजकूर, दोन्ही प्रकारची अवतरण चिन्हं, आत नवी ओळ, शेवटी स्पेस, नन, शून्याने सुरू होणारा पिनसारखा आकडा, आणि 'दुसऱ्या' हा शब्द दोन्ही तऱ्हांनी. जॉइन-स्प्लिटची साधी जोडी यातल्या रिकाम्या लिस्टवर आणि स्वल्पविरामावर लगेच पडेल, ननवर तर लिहितानाच टाइप एरर येईल. सीएसव्ही फक्त ननवर अडेल. जेसन सगळ्या पार करेल.